बंद पडल्याची वही

"आधी नमस्कार, मग बटण. ज्याच्यावर आपली चूल पेटते, त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये, निशा."

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, पण रोज सकाळी सव्वासातला निशिगंधाच्या कानात हे वाक्य उमटायचंच. बाबा, म्हणजे हरिश्चंद्र, भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पॉलिशच्या मशीनवर होते. मशीनला हात जोडल्याशिवाय त्यांनी कधी पट्टा चढवला नाही. निवृत्त झाल्यावर आलेल्या पैशांतून त्यांनी लेकीला हा कॉम्प्युटर घेऊन दिला आणि पहिल्याच दिवशी हे सांगितलं.

निशिगंधाने ते व्रतासारखं धरलं. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, देवापुढे वात, स्तोत्र, मग कॉम्प्युटर. सोमवार-गुरुवार उपास. तिचं बोलणंही तसंच, देवघरातल्या घंटीसारखं, हळू आणि मोजकं.

काम मात्र गडबडीचं. लग्नपत्रिका! भाईंदर पश्चिमेतल्या गुणवंतभाईंच्या छापखान्यासाठी ती घरी बसून पत्रिकांचा मजकूर जुळवायची. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात तिने किती जणांची लग्नं लावली होती... कागदावर. आई, हंसाबाई, म्हणायच्या, "सगळ्या गावाच्या नवऱ्यांची नावं तुला पाठ, आपल्याच जावयाचं तेवढं माहीत नाही."

आणि नेमका यंदा, हंगामाच्या तोंडावर, दसऱ्यानंतर कॉम्प्युटरचं काहीतरी बिनसलं. चालता चालता पडदा गोठायचा. बाण हलेना, अक्षर उमटेना. कधी आपोआप बंद व्हायचा. कधी दहा मिनिटांत, कधी दोन दोन दिवस काहीच नाही! निशिगंधा दर ओळीला सेव्ह करायची आणि दर सेव्हला देवाचं नाव घ्यायची. तरी त्या दिवशी सेव्ह होता होताच फाइल बिघडली आणि शहांच्या पत्रिकेतली तीसच्या तीस काका-मामांची नावं एका क्षणात गेली.

गुणवंतभाईंचा फोन आला. "बेन, पस्तीस कार्ड तुळशीच्या लग्नाच्या आधी पाहिजे हां. नहीं हुआ तो मेरे को मीरा रोड वाले लड़के को देना पड़ेगा. पूरा सीझन. मैं क्या करूँ, बोलो?"

पूर्ण सीझन! म्हणजे वर्षाची कमाई. म्हणजे आईच्या "कारकुनीची नोकरी बघ आणि हे धूड भंगारात दे" या वाक्याला उत्तरच उरलं नाही.

निशिगंधाने कॉम्प्युटर ओल्या फडक्याने लख्ख पुसला, आईच्या मऊ जुन्या साडीत गुंडाळला आणि निघाली. बाजाराच्या गल्लीशी रिक्षावाल्याने हात वर केले, पुढे भाजीच्या गाड्या. ती तशीच चालत सुटली. दहा पावलं, वीस पावलं... आणि हाताला रग लागून गाठोडं निसटलंच—

खालून दोन हात आले.

"सोडा, सोडा. धरलंय मी. बाळ आहे की काय यात?"

"कॉम्प्युटर," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

"मग साडी कशाला नेसवलीये?"

"धूळ... लागू नये म्हणून."

तो हसला. उन्हाने रापलेला चेहरा, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटासा क्रूस, शर्टाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर. साडीचा पदर बाजूला करून त्याने आत पाहिलं. "अरे वा. आंघोळ पण घातलीये! निघालात कुठे?"

"जिथे दुरुस्त होईल तिथे."

"मग पोचलात." त्याने मानेनेच मागे खूण केली. अरुंद गाळा, दारावर पाटी — फ्लॉयड कॉम्प्युटर्स. "फ्लॉयड मीच. कधीपासून त्रास देतोय?"

"दसऱ्यापासून."

"दसऱ्याला नवीन काय बसवलं आत?"

"काही नाही. पूजा केली फक्त."

"पूजेने काय बिघडत न्हाय," असं म्हणत त्याने झाकण उघडलं. आतली धूळ त्याने ब्लोअरने उडवली, तेव्हा टेबलावर धुळीने करडे झालेले तांदळाचे तीन दाणे टपटप पडले. तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"मॅडम, रागावू नका... तुमच्या घरात उंदीर हाय."

"आमच्याकडे?" निशिगंधाच्या गालांवर रक्त चढलं. "आमच्याकडे उंदीर नाही!"

"मग तांदूळ काय कॉम्प्युटर स्वतः आणतो? मागच्या फटीतून शिरत असणार. सापळा देऊ?"

"गणपतीचं वाहन आहे ते. सापळा नको."

"बरं, मग त्याला पार्किंग तरी दुसरीकडे द्या."

तिला हसू आवरेना. रस्त्यात, परक्या माणसासमोर... ती पदराआड हसली.

*

दोन दिवस कॉम्प्युटर फ्लॉयडच्या गाळ्यात अखंड चालला. एकदाही गोठला नाही. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा पडदा थिजला.

"म्हणजे आजारी हा न्हाय," तिचा फोन आल्यावर घरी आलेला फ्लॉयड खुर्चीत बसत म्हणाला, "याला तुमच्याच घरी येऊन नाटक करायचंय."

त्याने रॅम काढून दुसऱ्या खाचेत बसवली. प्लग बदलला. दुसरा वीजपुरवठ्याचा डबा लावून पाहिला. हंसाबाईंनी चहा ठेवला आणि जाता जाता टोमणाही ठेवला, "डॉक्टर, पेशंट जगेल ना? नाहीतर आत्ताच सांगा, भंगारवाला खालीच उभा असतो."

"आंटी, जगेल. पण रोग कळायला पाहिजे." मग तो निशिगंधाकडे वळला. "मशीन आपल्या नोंदीत फक्त एवढंच लिहितं, अचानक बंद पडलो. का, ते सांगत न्हाय. ते तुम्ही लिहा. एक वही करा. वार, वेळ, आजूबाजूला काय चाललं होतं, आवाज कसा आला, आणि तुम्ही काय उपाय केला. सगळं लिहा. लहानसहान काहीच सोडू नका."

लिहिणं! निशिगंधाने नवी वही काढली, पहिल्या पानावर श्री लिहिलं, पाच रकाने आखले आणि नेमाने वही भरू लागली.

दोन दिवसांनी संध्याकाळी तो आला तेव्हा वही वाचता वाचता त्याच्या भुवया हळूहळू वर जाऊ लागल्या.

"'मंगळवार. सकाळी नऊ चाळीस. नवऱ्याच्या आत्याचं नाव लिहीत होते. आईने तव्यावर भाकरी टाकली होती. आधी घुं असा आवाज, मग काहीच नाही. पाठ थोपटली. चालू झाला.'" त्याने वर पाहिलं. "भाकरीचा काय संबंध?"

"तुम्हीच म्हणालात, काही सोडू नका."

"आणि हे? 'बुधवार. एकदाही बंद पडला नाही. आनंदाने जिन्यातल्या मांजरीला दूध दिलं.'"

"तेही चाललंच होतं ना आजूबाजूला."

"बरं केलंत. उंदीर हाय घरात, मांजर हाताशी असलेली बरी." त्याने पान उलटलं. "हे महत्त्वाचं वाटतंय. पाठ थोपटली की चालू होतो?"

"कोण होत नाही?" ती बोलून गेली... आणि जीभच चावली. हे कोण बोललं? आपण?

फ्लॉयडच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला वाकलेला फ्लॉयड बराच वेळ टेबलाखालून वरच येईना.

मग तो दर दोन दिवसांनी येऊ लागला. कधी नवी केबल घेऊन, कधी काहीच न घेता. "वही बघायला आलो" एवढंच. निशिगंधाला आपल्या लिहिण्याची गंमत वाटू लागली. संध्याकाळची वात लावताना मनात यायचं, आज कुठलं वाक्य वाचताना हसेल? मग देवाला हात जोडून ती हळूच म्हणायची, "रागावू नका. लक्ष तुमच्याकडेच आहे... बरंचसं."

एकदा त्याने डबा आणला. "मम्मीने दिलाय. उत्तनजवळच्या आमच्या पालीचे सुके बोंबील."

"आज गुरुवार माझा."

"सोमवारी?"

"सोमवार महादेवाचा."

"चतुर्थी, एकादशी सोडून मधला एखादा वार रिकामा ठेवलाय की न्हाय?"

"रविवार," ती म्हणाली. "पण रविवार तर तुमच्या देवाचा."

"असू दे. आमचा देव चर्चमधल्या सकाळी साडेआठच्या मिसानंतर मोकळा सोडतो."

"बोंबील मी रविवारीही खात नाही."

"मग काय खाता, तेवढं पण वहीत लिहून ठेवा," तो म्हणाला. "लागेल."

*

पण वहीने कॉम्प्युटर सुधारत नव्हता. दिवाळी आठवड्यावर आली, आणि पस्तीसपैकी अकराच पत्रिका झाल्या. त्या संध्याकाळी पाटलांची दोन बाजूंची पत्रिका पूर्ण होत आली असताना पडदा काळा झाला. थोपटलं. चालू झाला. पुन्हा गेला.

फ्लॉयड आला तेव्हा निशिगंधाने वही मिटून ठेवली होती.

"राहू दे आता," ती म्हणाली. "गुणवंतभाईंना उद्या सांगते, द्या त्या मुलाला काम. बाबांची वस्तू म्हणून किती..."

फ्लॉयडने खुर्ची ओढली. मग वही उघडून सगळी पानं पुन्हा चाळली. "एक सांगा. यात सगळ्या नोंदी आठ-नवाच्या पुढच्या. त्याच्या आधी काय होतं?"

"आधी काही नाही. बटण दाबते, बस्स."

"ते मला बघायचंय. उद्या सकाळी येतो, बटण दाबायच्या आधी. गुणवंतभाईंना एक दिवस काय सांगू नका. एवढं माझं ऐका."

सकाळी सातला तो दारात होता. केस ओले, शर्टाला इस्त्री. हंसाबाईंनी शर्टाकडे पाहिलं, लेकीच्या केसांतल्या मोगऱ्याकडे पाहिलं आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला.

"मी इथे न्हाय असं समजा," कोपऱ्यात उभा राहत तो म्हणाला. "रोज जे करता, तेच करा."

तो इथे नाही असं कसं समजायचं? तरी निशिगंधाने डोळे मिटले. बाबांचा आवाज कानात आला. तिने हात जोडले, बोटाने कॉम्प्युटरला कुंकू लावलं, आणि चांदीच्या डबीतून हळदकुंकवाच्या दोन अक्षता काढून त्याच्या माथ्यावरच्या जाळीवर हलकेच ठेवल्या.

टिक्. आणि थोड्या वेळाने, आतून कुठूनतरी... टिक्.

तिने बटणाकडे बोट नेलं.

"थांबा!" फ्लॉयड ओरडलाच. मग आवाज खाली आणून म्हणाला, "थांबा... हे रोज करता?"

"रोज."

"वहीत का न्हाय लिहिलं?"

निशिगंधा गोंधळून त्याच्याकडे बघत राहिली. "हे काय लिहायचं? श्वास घेतला असं कोणी वहीत लिहितं का?"

"आणि ते दाणे संध्याकाळी कुठे जातात?"

"मला वाटायचं... त्याने घेतले."

फ्लॉयडने झाकण उघडलं. "आता दाबा बटण." आतला पंखा फिरू लागला. एक फेरी, दुसरी, आणि एक पिवळा दाणा पात्यांत जाऊन बसला. पंखा घुं करून थांबला. "पंखा थांबला की हा तापतो, तापला की गोठतो," म्हणत फ्लॉयडने बाजूने हलकेच थोपटलं, दाणा खाली पडला, पंखा पुन्हा गरगरू लागला.

"उंदीर सापडला," तो म्हणाला. "चांगला उंचापुरा हाय. केसांत मोगरा घालतो."

पण निशिगंधा हसली नाही. ती मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे... माझ्या पूजेनेच? बाबांनी सांगितलेलं मी इतकं जपलं, आणि तेच..."

स्वयंपाकघरातून हंसाबाई हात पुसत बाहेर आल्या. "तुझ्या बाबांनी कधी अक्षता टाकल्या गं? कारखान्यात त्यांनी मशीनवर तांदूळ टाकले असते तर मुकादमाने त्यांनाच पॉलिश केलं असतं. ते नुसता नमस्कार करायचे. अक्षता तू सुरू केल्यास, या दसऱ्यापासून. हंगाम चांगला जावा म्हणून."

हो... बाबा फक्त नमस्कार म्हणाले होते. पुढचं सगळं तिचं होतं, तिच्या काळजीचं, तिच्या मायेचं. निशिगंधाच्या डोळ्यांतून टपकन एक थेंब कुंकवाच्या डबीवर पडला.

फ्लॉयड तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला. "ऐका. माझी मम्मी होडी पाण्यात उतरायच्या आधी चर्चमधून पवित्र पाणी आणते. होडीवर शिंपडते, जाळ्यावर शिंपडते. गेल्या साली इंजिनाचं झाकण उघडं होतं. तिने तिथे पण ओतलं, जरा जास्तच. प्रेमाने! पप्पा दुपारपर्यंत आमच्या पालीसमोर डुलत बसलेले, किनाऱ्यावरून दिसत होते."

"मग? आईंना काय म्हणालात?"

"पाणी होडीला, इंजिनाला फक्त क्रूस. आता ती बोटाने क्रूस काढते. इंजिन पण खूश, मम्मी पण खूश." तो थांबला. "नमस्कार सोडू नका, निशिगंधा. फक्त अक्षता चिमण्यांना द्या."

निशिगंधा. मॅडम नाही. पहिल्यांदाच... तिने मान वर केली आणि लगेच खाली घातली.

त्याने चिमट्याने एकेक दाणा वेचला, चांगले एकोणीस निघाले. कुंकू पुसलं, पंखा साफ केला, माथ्यावरच्या जाळीला आतून मच्छरदाणीचा तुकडा चिकटवला. पोहे खाताना तो म्हणाला, "आता अकरा दिवस बघा. एकदा जरी बंद पडला, तर मी पैसे परत देणार."

"आणि नाही पडला तर मी नवस फेडणार," ती म्हणाली. "बोललेय मी."

"कोणाला बोललात? काम तर मी केलं!"

"मग तुमच्याकडे फेडते." तिच्या आवाजात हसू होतं. "काय हवं?"

फ्लॉयडने चमचा खाली ठेवला. आता मात्र तो थट्टा करत नव्हता. "पालीला या. रविवारी. आमच्या होडीच्या इंजिनाला तुमच्यासारखा नमस्कार करा. मम्मीला बघायचंय, कोणाच्या वहीत मी एवढा अडकलोय ते."

स्वयंपाकघरातला भांडी घासण्याचा आवाज थांबला.

"येईन," निशिगंधा म्हणाली.

तो गेल्यावर तिने वही उघडली. शेवटच्या पानावर, तिच्याच रकान्यांत, वाकड्या अक्षरात एक नवी नोंद होती.

"वार — मंगळवार. वेळ — सात वीस. बंद पडला — फ्लॉयड. आजूबाजूला काय चाललं होतं — निशिगंधाने डोळे मिटून हात जोडले. आवाज — आधी घुं, मग काहीच न्हाय. उपाय —"

पुढचा रकाना कोरा होता.

तिने वही छातीशी धरली, मग घाईने देवाकडे पाठ केली, मग पुन्हा देवाकडेच वळली. शेवटी लपणार कोणापासून?

*

बुधवारपासून निशिगंधा रोज वहीत एकच ओळ लिहीत होती. "आज बंद पडला नाही." दिवाळीचे दिवे लागले, फराळ झाला, भाऊबीज झाली. "आज बंद पडला नाही." शहा, पाटील, डिसोझा, म्हात्रे... एकेक पत्रिका गुणवंतभाईंकडे गेली. अकराव्या दिवशी, शनिवारी, पस्तिसावी.

"क्या बात है, बेन," गुणवंतभाई फोनवर म्हणाले, "मशीन नया लिया?"

"नाही. तोच आहे. फक्त त्याचं मन ओळखलं."

रविवारी सकाळी तिने नमस्कार केला. खिडकीतल्या कठड्यावर दोन अक्षता ठेवल्या. चिमण्या हल्ली वाटच बघत असायच्या. मग निळी साडी नेसली. पिशवीत कुंकवाची डबी, एक नारळ आणि वही ठेवली. कोऱ्या रकान्यात तिने रात्रभर मनात घोळवलेलं उत्तर लिहिलं होतं. "उपाय — जवळ येऊन बघावं लागेल. येते आहे."

हंसाबाई दाराशी उभ्या होत्या.

"आई, मी फक्त नवस फेडायला चाललेय हं."

"हो का? तुझे बाबाही पहिल्यांदा आमच्याकडे फक्त सायकलचा पंप मागायला आले होते." हंसाबाईंनी तिच्या पदराची घडी नीट केली. त्यांचा हात क्षणभर तिथेच राहिला. "देव वेगळे आहेत, निशा. चुलीसुद्धा वेगळ्या. सोपं नाही."

"माहीत आहे."

"माहीत असून जातेस?"

निशिगंधाने हळूच मान हलवली. हो.

हंसाबाईंनी तिच्या हातातली पिशवी पुढे ओढली. मग पिशवीत हात घालून आतलं चाचपलं, आणि वहीखाली लपलेली अक्षतांची चांदीची डबी बाहेर काढली. सवयीनेच आली होती ती पिशवीत.

"अक्षता घरीच राहू देत," त्या म्हणाल्या. "त्यांची वेळ यायचीय अजून. मी सांभाळते."

त्यांनी डबी कनवटीला खोचली.

निशिगंधा वाकून आईच्या पाया पडली, चप्पल पायात सरकवली आणि शेजाऱ्यांना चाहूल लागू न देता जिना उतरली. जिन्यातली मांजर चार पायऱ्या मागे आली. कोपऱ्यावर उत्तनची बस लागली होती. तिने पिशवी उराशी धरली, आणि चालू लागली.